हरकत राखून

आमच्या समोरच्या काकांइतकं विजेच्या जाण्याकडे लक्ष ठेवून बसलेलं माणूस सबंध पनवेलमध्ये दुसरं नसेल. बाकीचे लोक वीज येण्याची वाट बघायचे. काका एस.टी. स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीतून निवृत्त झालेले, आणि लोडशेडिंगच्या त्या वर्षांत त्यांनी विजेलाही गाडीसारखंच वहीत घेतलं होतं: प्रस्थान सहा वाजता, आगमन आठ दहा, उशीर दहा मिनिटं. वीज गेली की ते दार उघडून काळोख्या जिन्यात खिडकीतल्याच आवाजात सांगायचे, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. सहाची वीज रद्द झाली आहे." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या हातातली मेणबत्ती पडली होती. मी इंग्लिश मीडियमची, त्यात अबोल. काकांना मी आवडायचे ती मध्ये बोलत नाही म्हणून, आणि बिलामागची बारीक अक्षरं वाचून दाखवते म्हणून.

त्यांचं खरं भांडण किमान आकाराशी होतं. वीज असो वा नसो, दरमहा भरावीच लागणारी रक्कम. "गाडी रद्द झाली की आम्ही तिकिटाचे पैसे परत द्यायचो," काका म्हणायचे. "यांची वीज रोज रद्द, आणि पैसे मात्र पूर्ण!" त्यासाठी त्यांना वीज कार्यालयात जावं लागत नसे, कारण शत्रू वरच्याच मजल्यावर राहायचा. तिथले आजोबा त्या कार्यालयात बिलं करून निवृत्त झाले होते. काका त्यांना बिलवाले म्हणत. रोज संध्याकाळी वीज गेली की काका वर जात आणि अंधारात दोन खुर्च्यांवर वाद चाले. बिलवाले आधी घसा खाकरत, मग सावकाश तेच उत्तर देत, "अहो, वीज नसली तरी तार तुमच्यासाठी उभी असते. त्या उभं राहण्याचे पैसे." "मग तारेलाच बसायला सांगा!" काका ओरडत.

पुढे बिलवाल्यांना अर्धांगवायू झाला, बोलणं गेलं. मुलगा त्यांना नागपूरला घेऊन गेला आणि तुळशीला पाणी घालायला किल्ली काकांकडे ठेवली. तेव्हापासून इमारतीत कुजबुज सुरू झाली. वीज आली की त्या बंद दाराखालून झीरोच्या बल्बचा तांबडा उजेड यायचा. खालच्या काकूंनी मला जिन्यात गाठलं. "अगं, तिथं कुणीतरी बोलतं. ह्या कानांनी ऐकलंय. एकच माणूस बोलतो गं, आणि मध्येच थांबतो!"

एकदा लोडशेडिंगमध्ये गच्चीवरचे कपडे आणायला गेले, तर मीही ऐकलं. दारामागून काकांचा आवाज आला, "ते ठीक, पण तिकिटाचं काय?" मग शांतता. ती बरोबर बिलवाल्यांच्या उत्तराएवढी लांब होती, खाकरण्यासकट. मग, "तारेलाच बसायला सांगा!" कपडे न घेताच मी खाली पळाले.

काही दिवसांनी काकांच्या वहीत बिलवाल्यांच्या नावची भरलेली बिलं दिसली. प्रत्येकावर काकांच्या अक्षरात, 'किमान आकार. हरकत राखून भरला.' मी बघतेय हे त्यांना कळलं. "कनेक्शन तुटलं तर ते परत येऊन बसतील कुठे?" ते वहीला म्हणाले. मी कोणाला काही सांगितलं नाही.

दिवाळीनंतर नागपूरहून फोन आला. बिलवाले गेले होते. मुलाला घर विकायचं होतं. त्याच्या अर्जावरून वायरमन आला आणि मीटर काढून पिशवीत घालून घेऊन गेला. काका जिन्यात उभे राहून बघत होते. त्यांनी हरकत घेतली नाही.

त्या संध्याकाळी वीज गेली तेव्हा घोषणा झाली नाही. आठला सगळ्यांकडे दिवे लागले, तरी काकांचं दार उघडंच होतं आणि आत कोणी नव्हतं. म्हणून मी वर गेले. त्या दाराखाली काळोखच होता.

"बोला आता," काका आत म्हणत होते. "मीटर गेलं. आता तार कोणासाठी उभी आहे? बोला की!"

नेहमीएवढी शांतता झाली. ती संपली, तरी काका बोलेनात. ती लांबतच गेली. शाळेत हजेरीलासुद्धा माझा आवाज बाईंपर्यंत पोचत नसे. मी घसा खाकरला आणि म्हटलं, "तुमच्यासाठी."

आत खुर्ची करकरली. मग काका म्हणाले, "हां. पण किमान आकार मला मान्य नाही."

दुसऱ्या दिवशी ते किल्ली कुरिअरने पाठवायला निघाले होते. जिन्यात थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "काल बिलवाल्यांचा आवाज जरा बारीक येत होता."

"सर्दी झाली असेल," मी म्हटलं.

"असेल," काका म्हणाले. "वय झालं होतं." आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेले.