पांढऱ्या कापडाचा मांडव

सरजाबाईंना कुणी धाडसी म्हटलं की त्या फणकारतात. "धाडस कसलं? तुमाला लाज न्हाई, म्हणून मला करावं लागलं." मूळच्या कंधारकडच्या. नांदेडात तीस वर्षं अंगणवाडीत मदतनीस होत्या. चाळीस पोरांना एका हाकेत खाली बसवायच्या. आमची गल्ली मात्र त्यांना कधी बसवता आली नाही.

गल्लीत तेवीस घरं. तीन वर्षांपूर्वीपर्यंत रस्त्यात एवढे खड्डे होते की गाड्या आपोआप हळू जात. मग सिमेंटचा रस्ता झाला. आम्ही पेढे वाटले. दोन मोठ्या रस्त्यांना जोडणारी ही जवळची वाट आहे हे गावाला कळलं, आणि पेढे खाल्लेलेच सगळ्यांत जोरात गाड्या मारू लागले.

फेब्रुवारीत एका मोटारसायकलीनं सरजाबाईंच्या नवऱ्याला, व्यंकटीरावांना, उडवलं. पाटबंधारे खात्यातले निवृत्त चौकीदार, गरीब माणूस. खुब्याचं हाड मोडलं. गाडीवाल्यानं एकदा मागं बघितलं आणि निघून गेला. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी बजावलं, "दीड महिना रोज शंभर पावलं चाला. नाहीतर पाय आखडेल, मग कायमची खाट." घर दोन खोल्यांचं, भिंतीपासून भिंतीपर्यंत आठ पावलं. चालायला गल्लीच काय ती.

सरजाबाई गतिरोधकाचा अर्ज घेऊन दारोदार फिरल्या. गतिरोधक सगळ्यांना हवा होता, फक्त शेजाऱ्याच्या दारात. सर्वांत मोठी गाडी असलेले श्रीमंतराव म्हणाले, "मावशी, खालून घासते हो गाडी. जरा पुढं घ्या." प्रत्येकानं जरा पुढं घेतला. तेवीस घरं होईपर्यंत गतिरोधक गल्लीबाहेरच्या नाल्यात पोचला होता. अर्जावर एकही सही नव्हती. माणसाचा खुबा मोडलेला चालत होता, गाडीचं पोट घासायला नको होतं.

दहा दिवस व्यंकटीराव वॉकर घेऊन उंबऱ्यात उभे राहत. एक पाय खाली टाकला की हॉर्न, की पाय परत वर. एका सकाळी त्यांचा गुडघा सरळ होईना. त्याच दुपारी सरजाबाई संगप्पा मांडववाल्याकडे गेल्या.

आपल्याकडे गाडी शिट्टीला थांबत नाही, पोराला थांबत नाही, म्हाताऱ्याला तर नाहीच. पण रस्त्यात मांडव दिसला की भले भले मुकाट्यानं मागं फिरतात. परवानगी आहे का, हेही कुणी विचारत नाही. सरजाबाईंनी हे हेरलं होतं.

"लग्नसराई हाय बाई," संगप्पा म्हणाला. "रंगीत कापड एक बी न्हाई. पांढरं हाय, पण ते…"

"पांढरंच दे. काय होतंय?"

चार वाजता गल्लीच्या मधोमध मांडव उभा राहिला. सव्वाचारला गल्लीच्या फोनवरच्या ग्रुपवर श्रीमंतरावांचा निरोप आला : 'व्यंकटीरावांना भावपूर्ण श्रद्धांजली.' खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. हाड मोडलं तेव्हा यांच्यातल्या एकालाही बोट हलवायला सुचलं नव्हतं.

पाच वाजता मंडळी आली. पांढरे सदरे, फोन मुके केलेले, गाड्या लांब मोठ्या रस्त्यावर. कित्येक जण या गल्लीतून पहिल्यांदाच पायी चालत होते. पुढं श्रीमंतराव, हातात हार.

मांडवात व्यंकटीराव वॉकर टेकत मोजत होते, "बेचाळीस… त्रेचाळीस…"

"आं! तुम्ही…"

"मधी बोलू नका," सरजाबाई म्हणाल्या. "मोजणी चुकतीय त्यांची."

श्रीमंतरावांनी हार पाठीमागं नेला.

"लपवता कशाला साहेब? जित्यापणी बघायला आला न्हाईत, आता आलाव तर बसा."

"मावशी, असा खोटा मांडव घालू नये. अपशकुन असतो."

"खोटा कसा? बांबू खरे, कापड खरं. म्हाताऱ्याला मारलं ते तुमी."

कुणी माफी मागितली नाही. माणूस जिवंत निघाला याचा आनंदही मला फारसा दिसला नाही. सदरा बदलायचे श्रम वाया गेल्याची चिडचिड तेवढी होती. सगळे बसल्यासारखं करून पांगले.

तेवढ्यात एक मोटारसायकलवाला आला. पांढरं कापड बघून त्यानं इंजिन बंद केलं, हळूच विचारलं, "कोण वारलं?"

"अजून कुणी न्हाई," सरजाबाई म्हणाल्या. "म्हणूनच बांधलाय."

तो उतरला आणि गाडी ढकलत मागं गेला.

सहा आठवडे रोज चार ते सहा तो मांडव लागत राहिला. ज्यांनी सही दिली नव्हती त्यांनीच आपली लेकरं तिथं सायकल शिकायला पाठवली. वर सरजाबाईंना सांगितलं, "लक्ष ठेवा हं." त्यांनी ठेवलं.

मागच्या रविवारी व्यंकटीराव घरात दिसेनात. सरजाबाईंनी मोरी पाहिली, गच्ची पाहिली, मग अनवाणीच रस्त्यावर धावल्या. ते गल्लीच्या तोंडाशी, न्हाव्याच्या खुर्चीत, अर्ध्या गालाला फेस लावून बसले होते. नुसती काठी घेऊन गेले होते. "न सांगता गेला म्हातारा," म्हणत सरजाबाई संध्याकाळपर्यंत त्यांना बोलत होत्या, आणि ते गुळगुळीत गालावरून हात फिरवत निवांत ऐकत होते.