शिट्टीला सलाम

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या चाचांइतकी फ्रान्सची बाजू फ्रान्सच्या वकिलातीनेही कधी घेतली नसेल. चाचा मूळचे रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठच्या गावचे. सौदीतल्या हुफूफजवळच्या कारखान्यात सेफ्टी व्हॉल्व्ह तपासणं हे त्यांचं काम, आणि फ्रान्स त्यांनी विमानाच्या खिडकीतूनसुद्धा पाहिलेला नव्हता. पण किराणा दुकानात ट्यूनाचा डबा हाती आला, की अन्न बाटलीत बंद करून टिकवणाऱ्या फ्रेंच हलवायाची कथा सुरू व्हायची आणि मागची रांग दाराबाहेर जायची. इकाम्याच्या, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्याच्या, तपासणीत डॉक्टरांनी छातीला नळी लावली, तर हे त्यांनाच सांगू लागले, की बाईच्या छातीला कान लावायला लाजणाऱ्या एका फ्रेंच डॉक्टरने कागदाची सुरळी केली, तीच ही नळी! डॉक्टर काकुळतीला येऊन म्हणाले, "चाचा, साँस लो, बात मत करो."

पण त्यांचं खरं दैवत प्रेशर कुकरवाला. पहिला कुकर एका फ्रेंचाने केला आणि तो फुटू नये म्हणून झडपही त्यानेच बसवली. म्हणजे आपल्या पोटाचा आणि चाचांच्या पोटापाण्याचा धनी एकच. म्हणून कुठेही शिट्टी झाली, की चाचा छातीवर हात ठेवून उभे राहायचे. ते येणार असले की माझी बायको डाळ आधीच शिजवून ठेवायची, नाहीतर बिचाऱ्यांची तीनदा उठबस व्हायची.

मग सौदीकरणाच्या यादीत चाचांची जागा आली. फैसल नावाच्या सौदी तंत्रज्ञाला सहा महिन्यांत तयार करायचं. तो तयार झाला, की चाचांची नोकरी खलास. गावी घराचं काम स्लॅबपर्यंत आलेलं. मी शहाणपणा केला, "चाचा, हातचं राखून शिकवा."

चाचा भडकलेच. "अरे, त्या फ्रेंचाने भांडं केलं आणि सगळं पुस्तकात लिहून जगाला देऊन टाकलं. त्याने हातचं राखलं असतं, तर तुझी डाळ अजून शिजत असती! मग मी कोण लागून गेलो?"

त्यांनी सगळं शिकवलं. फायनल एक्झिटवर, म्हणजे कायमचे गावी परत जाताना, स्वतःचा कुकर आणि दोन जादा रबरं फैसलला देऊन गेले. घर स्लॅबपर्यंतच राहिलं.

पुढे फैसलने आम्हाला जेवायला बोलावलं. गप्पा रंगात आलेल्या, तेवढ्यात आतून ओळखीची शिट्टी झाली. फैसल छातीवर हात ठेवून उभा राहिला. पाठोपाठ त्याचे म्हातारे वडील आणि दोघे भाऊही उठले. मी बसूनच होतो. फैसल आश्चर्याने म्हणाला, "सदीक, मेरा दोस्त, तुम क्यूँ बैठा? ये तुम्हारा हिंदी लोग का रिवाज है, ना?"

"है," मी म्हणालो आणि उठलो. मला चाचांची फार आठवण आली, आणि माझ्या त्या सल्ल्याची लाजही वाटली. शिट्टी थांबली, सगळे बसले. मला मात्र लगेच बसवेना.