डाव्या हाताचा जोर

माझं डोकं जन्मजात तापट. नोकरी इंदापुरात, सासरही तिथंच, त्यामुळं भांडायला माणसं दोन्हीकडं मुबलक. म्हणून दर रविवारी मी शेळगावला माहेरी जायचे आणि पडवीत आईच्या पुढ्यात पाट टाकून बसायचे. आई कोमट खोबरेल टाळूवर ओतायची, जिरेपर्यंत थापायची आणि मग दोन्ही तळव्यांनी डोकं असं दाबायची की आठवड्याची सगळी भांडणं कानांतून निघून जावीत. "तुझ्या डोक्याला वाटी पुरत न्हाय बाय, घागर पायजे," म्हणायची. बसल्या जागी मला झोप लागायची.

या उन्हाळ्यात गोठ्याच्या आडव्या वाशावर तिचं डोकं आपटलं. चांगलं लिंबाएवढं टेंगूळ आलं. आमच्याकडं टेंगळावर एकच उपाय, तेल लावून चोळायचं. चुलतीनं चोळलं आणि ते जिरलं. टेंगूळ जिरलं म्हणजे दुखणं संपलं, यावर घरात कुणाचं दुमत नव्हतं.

पुढं आईचं डोकं अधूनमधून दुखायला लागलं. "उनाचं हाय," ती म्हणायची, आणि चुलती पुन्हा तेल घेऊन बसायची. चोळलं की घटकाभर बरं वाटायचं. त्या बरं वाटण्यानंच घात केला.

मग एका रविवारी पाटावर बसले आणि काहीतरी वेगळं जाणवलं. उजवा तळवा नेहमीसारखा दाबत होता. डावा नुसताच केसांवर टेकला होता.

"आई, डाव्या हातानं जोर लाव की."

"लावतीया की गं. दोनी सारखंच हाय."

ती थट्टा करत नव्हती. तिला खरंच तसं वाटत होतं. तेवढ्यात तिनं डाव्या हातानं वाटी उचलली आणि ती माझ्या खांद्यावरून घरंगळत फरशीवर गेली.

"सांडलं व्हय?" आईनं विचारलं. वाटी हातातून सुटली, हे तिला आवाजावरून कळलं होतं.

चुलती म्हणाली, "वारं भरलंय हातात. तेल चोळू, उतरंल." मी अशी ओरडले की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. वडील, आमचे आबा, गाडी काढायला गेले.

बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितलं, त्या माराचं रक्त डोक्यात साकळलंय. वरचं टेंगूळ आम्ही जिरवलं होतं, आतलं वाढत होतं. केस काढून ऑपरेशन झालं. हाताला जोर परत आला. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "पुन्हा साकळू शकतं. लक्ष ठेवा."

आता पाटावर आई बसते आणि मी तिच्या मागं. जखम भरलीय, केस बोटभर वाढलेत. डॉक्टरांना विचारूनच मी हलक्या हातानं तेल लावते. तिला झोप येते, मला भीती वाटते. सगळा वेळ मी तिच्या डाव्या हाताकडं बघत असते. पदराशी चाळा करतोय ना, माशी वारतोय ना.

परवाच्या रविवारी वाटी तिनं डाव्याच हातात धरली होती, घट्ट. मला हायसं वाटलं.

"बाय," ती डोळे मिटूनच म्हणाली, "डाव्या बाजूला तेल लावायचं राहिलं का गं?"

डाव्या बाजूचे केसही तेलानं ओले होते. माझे दोन्ही तळवे तिच्या डोक्यावर होते. दोन्ही सारखेच दाबत होते.