फ्रीजरची खंडेनवमी

ऋतुचक्र धाब्यावर बसवलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे जुन्या जालन्यातले माझे घरमालक. नव्वदच्या दशकात मी तिथे शाळेत मास्तर होतो आणि त्यांच्या वरच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. काका निवृत्त तलाठी. जन्मभर लोकांच्या शेतातल्या पिकांच्या नोंदी केल्यामुळे कुठल्या महिन्यात कुठे काय पिकतं हे त्यांना तोंडपाठ होतं. ते त्या महिन्यातच खाऊन संपवायचं असतं, एवढं मात्र त्यांना मान्य नव्हतं. आइस्क्रीमचं एक दुकान बंद पडलं तेव्हा तिथला पेटीसारखा आडवा फ्रीजर त्यांनी हातगाड्यावर घालून घरी आणला. स्वयंपाकघराच्या दारातून तो आत जाईना, म्हणून बैठकीतच विराजमान झाला. त्याच्यावर विणलेला रुमाल आला, झाकणाला कुलूप आलं आणि किल्ली काकांच्या जानव्यात गेली.

त्या पेटीत काय नसायचं? पौषातले तुरीचे सोले म्हणजे हिरवे दाणे, माघातला हुरडा, सीताफळाचा गर, मोसंबीचा रस. प्रत्येक पिशवीवर सरकारी वळणाची चिठ्ठी: पीक, गाव, शिवार, महिना. भर वैशाखात, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत असताना, त्यांनी मला हाक मारून हुरडा खाऊ घातला होता. खाताना माझ्या तोंडाकडे असे पाहत होते, की आवडला नाही म्हणायची माझी छाती झाली नाही. काकू या पेटीतलं काही खात नसत. पौषातलं वैशाखात खायचं म्हणजे ते शिळंच, हा त्यांचा निकाल, आणि त्यावर अपील नव्हतं. वीज गेली की काका पेटीवर दोन गोधड्या आणि एक पोतं पांघरून स्वतः शेजारी बसत. तापलेल्या लेकराजवळही इतकं कोणी बसत नाही.

एवढा सगळा खटाटोप कशासाठी, हे मला पुष्कळ दिवसांनी कळलं. पेटीच्या तळाशी स्टीलचे चार डबे होते. त्यांना हात लावायची कोणालाच परवानगी नव्हती. त्यांत काकांच्या केदारखेड्याच्या शेताच्या बांधावरच्या शेंदऱ्या आंब्याचा रस होता. एकुलती एक लेक आसामात होती, जावई तिकडेच फौजेत. सुट्टी मिळायची ती दिवाळीतच, आणि दिवाळीत आंबा कुठून आणायचा? लहानपणी ही पोर म्हणे त्याच झाडाखाली बसून कोपरापर्यंत रस ओघळवत खायची. लग्नानंतर सहा वर्षांत तिने तो आंबा चाखला नव्हता. बाकीचं सगळं, हुरडा न् सोले, ही नुसती रंगीत तालीम होती. त्या वर्षी दिवाळीला ती येणार असं पत्र आलं होतं आणि काका दिवस मोजत होते.

आणि मग खंडेनवमी आली. आपल्याकडे त्या दिवशी अवजारं धुऊन पुसून पुजायची आणि त्यांना विसावा द्यायचा. काकांनी पहाटे फ्रीजरची पिन काढली. मी जपून बोललो, की याला सुट्टी दिली तर आतल्या मालाचं काय? काका म्हणाले, "नांगराला सुट्टी, मोटारीला सुट्टी, अन् वरीसभर राबून राह्यलं त्याला न्हाई? झाकण उघडलं न्हाई तर दोन दिस काही होत न्हाई, सर." इथवर एक वेळ ठीक होतं. पण नांगर धुतात तसा त्यांनी फ्रीजरही धुतला. मागच्या जाळीवर, खालच्या मशिनीवर तांब्या तांब्या पाणी ओतून त्याची पाठ चोळली. मग हळदीकुंकू, झेंडूची माळ, नारळ. दसऱ्याच्या संध्याकाळी आपट्याची पानं वाटून झाल्यावर त्यांनी पिन लावली. आतून एकदाच टप्प असा आवाज आला आणि बैठकभर जळका वास सुटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री आला. तो गल्लीतलाच, काकांना वडिलांसारखं मानणारा. त्याने खाली वाकून पाहिलं, बोटाला लागलेलं ओलं कुंकू पाहिलं आणि हळूच विचारलं, "काका, इसको नहलाया किसने?" मशीन जळालं होतं, तसलं दुसरं हैदराबादहून यायला महिना लागणार होता आणि दिवाळी वीस दिवसांवर होती. कुलूप काढलं तेव्हा वरच्या पिशव्या मऊ पडल्या होत्या, फक्त तळाशी थोडा गारवा उरला होता. काकांनी एक डबा बाहेर काढला आणि मांडीवर घेऊन खुर्चीत बसून राहिले. ऋतूंना न जुमानणारा तो माणूस इतका म्हातारा मला त्याआधी कधी दिसला नव्हता.

सूत्रं काकूंनी हाती घेतली. त्या पेटीला त्यांनी पहिल्यांदाच हात लावला. पिशव्या फोडून, हुंगून, आंबूस झालेलं बाजूला टाकलं आणि उरलेलं चुलीवर चढवलं. दुपारी गल्लीतल्या सगळ्यांना पानं मांडली. सोल्यांची आमटी, परतलेला हुरडा, सीताफळाची रबडी. मिस्त्रीही घरच्यांना घेऊन आला. काका प्रत्येकाच्या ताटापाशी थांबून कुठल्या शिवारातलं काय ते सांगत होते, पण आवाजात जीव नव्हता. शेवटी काकूंनी तळाचे तीन डबे बाहेर काढले, काकांनी काखेत धरलेला चौथाही काढून घेतला आणि म्हणाल्या, "लेक का रस प्यायला येऊन राह्यली? आणा इकडं. मशीन गेलं असंल, ऊन तर गेलं न्हाई." त्यांनी रसात साखर घालून तो आटवला, ताटांना तूप फासून त्यावर पसरला आणि ताटं गच्चीवर नेली. आश्विनातलं ऊन आमच्याकडे वैशाखाला लाजवतं. पुढचे पाच दिवस काका डोक्याला टॉवेल गुंडाळून गच्चीवर बसून होते. कावळ्यांना हाकलायला म्हणून मलाही शाळा सुटल्यावर शेजारी बसवायचे.

आंबापोळी तयार झाली आणि त्याच आठवड्यात पत्र आलं की जावयाची सुट्टी रद्द झाली, येणं होत नाही. काकांनी ते पत्र दोनदा वाचलं आणि घडी करून खिशात ठेवलं. मी काही बोलायच्या आत काकू आतून पांढरं कापड आणि सुईदोरा घेऊन आल्या. रस काही आसामला गेला नसता, पोळी जाऊ शकत होती. पार्सल काकूंनी शिवलं, पत्ता काकांनी लिहिला, पीक, गाव, शिवार, महिना यांच्यासकट, आणि पोस्टात द्यायला आम्ही तिघंही गेलो.

दिवाळी उलटून गेल्यावर लेकीचं उत्तर आलं. काकांचा चष्मा सापडत नव्हता, निदान ते तसं म्हणाले, म्हणून मी वाचून दाखवलं. तिने लिहिलं होतं: "पोळी मिळाली. एका दिवसात संपवली. एका तुकड्यावर बाबांच्या अंगठ्याचा ठसा उमटलाय, वाळली का ते दाबून बघितलं असणार. तेवढा खाल्ला नाही. फ्रीजमध्ये ठेवलाय."

काकांनी एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. मग मला म्हणाले, उत्तर लिहून घ्या. ख्यालीखुशाली झाली, पिकापाण्याचं झालं. शेवटी म्हणाले, "अन् लिहा, तो तुकडा खाऊन टाक म्हणावं. ठिवून काय करायचं." मी लिहिलं. त्यांनी कागद मागून घेतला, डोळ्यांजवळ धरून ती ओळ वाचली, पुन्हा वाचली, आणि मला ती खोडायला लावली.