गुळाची चाखणी आणि माझी दाढ

लातूरच्या बाजारात गुळाची ढेप आली, की आधी तिचा खडा माझ्या तोंडात जाणार आणि मगच बोली लागणार. माझा हा शिरस्ता आज कित्येक वर्षांचा. पाक करपलाय का, रानातलं खारं पाणी गुळात उतरलंय का, हे मी डोळे मिटून सांगतो. बढाई वाटली तर वाटू द्या! खडा गालात ठेवायचा, तो विरघळेस्तोवर पुढची ढेप हजर. बाजार उठेपर्यंत माझं तोंड काही रिकामं राहत नसे.

मागच्या हिवाळ्यात उजवी दाढ ठणकायला लागली. आठवडाभर लवंग दाबून हिंडलो. शेवटी बायको म्हणाली, "दुनियेच्या गुळाची पारख करता, एकदा स्वतःच्या दाढेची करून या की!" गेलो मुकाट्यानं.

दातांची डॉक्टर पोरगेलीशी, पण जिभेला धार. मी ऐटीत सांगितलं, "मी चहासुद्धा बिनसाखरेचा पितो."

"आणि बाजारात काय करता?"

सांगावं लागलं. तिनं कपाळाला हात लावला. "काका, सगळा गूळ एका बैठकीत खाल्ला असता तरी मी एवढी ओरडले नसते. दातांवरचे जंतू गोडाचं आम्ल करतात, ते दाताचं कवच झिजवतं. लाळ ते धुऊन काढते, पण तिला वेळ लागतो. तुम्ही तिला उसंतच देत नाही!"

ही दाढ वाचेल म्हणाली, पण बाकीच्याही किडायला लागल्यात. असंच चाललं तर एक दिवस कवळी. आणि वरची कवळी टाळू झाकते, मग चव आताइतकी कळेलच असं नाही. मला घामच फुटला. चव गेली तर बाजारात मला विचारतो कोण? "चाखा, थुंका, लगेच चूळ भरा. आणि झोपताना फ्लोराइडच्या पेस्टनं दात घासा," तिनं बजावलं.

दुसऱ्या दिवशी तांब्या घेऊन बसलो. पहिलीच ढेप मुरुडकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची. चाखली, थुंकलो, चूळ भरली. आमच्याकडे चाखलेला गूळ थुंकला म्हणजे माल नापास, हे मी पार विसरलो होतो. बोली लावणारे दोघं मागं सरकलेसुद्धा.

"आप्पा, थुकलाव? काय खराबी निघाली?" म्हाताऱ्याचा चेहरा उतरला.

"अहो मामा, गूळ लई झकास हाय! माझी दाढच खराब हाय!" असं म्हणून मी सगळ्यांसमोर आ वासला. हशा पिकला.

म्हातारा हसला नाही. वाकून त्यानं माझी दाढ नीट पाहिली. मग स्वतःचं तोंड उघडलं. आत एकही दात नव्हता.

"गुऱ्हाळावर जन्म गेला. कढईतली काकवी चाटत ऱ्हायलो, चूळ भर म्हणून कोणी सांगितलं न्हाई. आता माझाच खडा मला फुटत न्हाई, चवबी पहिल्यावानी कळत न्हाई. गूळ कसा झालाय, ते तुमच्या तोंडून ऐकाया येतो मी."

वाईट वाटलं, फार वाईट. त्यानंच तांब्या उचलला, माझ्या ओंजळीत पाणी ओतलं. "भरा चूळ. खळखळून."

मी भरली.

"हं, आता सांगा."

बोली थांबवून मी त्याला त्याच्या गुळाची चव सांगायला बसलो.