सिस्टरांनी घेतलेला घास

सिस्टर गेल्याला आता वर्ष होत आलं. दुपार झाली की अजून हात पुस्तकाकडं जातो.

ढोकीला त्यांच्या मिशनच्या दवाखान्याच्या ओट्यावर मी त्यांना संतांची चरित्रं वाचून दाखवायचे. त्यांची नजर गेली होती आणि मी शाळेतून निवृत्त झाले होते. चमत्काराचं पान आलं की त्या हात हलवायच्या. "ते राहू दे. त्यानं लोकांना खायला काय घातलं, ते वाच."

औषधासाठी आलेल्या ऊसतोडीच्या बायाही ऐकत बसायच्या. एकीनं एकदा विचारलं, "ह्यो साधू कुठल्या गावचा?"

"लई लांबचा, समुद्रापलीकडचा," मी सांगितलं.

"मंग त्याला आमच्या पोटाचं कसं कळलं?"

सिस्टर इतक्या हसल्या की मला वाचन थांबवावं लागलं.

कोयत्यानं कापलेली किती बोटं त्यांनी बांधली असतील! शेवटच्या हिवाळ्यात मात्र त्यांचेच हात थरथरू लागले. कालवण साडीवर सांडायचं. कुणी भरवायला गेलं की त्या ओठ घट्ट मिटायच्या. जेवण कमी होत चाललं, अंग वाळलं.

एकदा मी धीर करून म्हटलं, "गरिबाच्या मुखी घास घातला की तो देवाला पोचतो, असं तुम्हीच सांगता. मग तुम्ही का घेत नाही?"

त्या म्हणाल्या, "देणाऱ्याचा हात वर असतो, बाई. मला त्याची सवय लागली. हे आत्ता कळतंय."

तेवढ्यात ती साधूचं गाव विचारणारी बाई पुढं सरकली. फडक्यातली भाकरी सोडून तिनं सिस्टरांपुढच्या वाटीतल्या वरणात कुस्करली.

"माय, तोंड उघडा."

सिस्टरांनी मान फिरवली.

"का? आमच्या हातचं चालत न्हाय व्हय तुमाला?"

सिस्टरांचा चेहरा लाल झाला. मग त्यांनी तोंड उघडलं. घास बराच वेळ चावत राहिल्या.

"मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या.

"उद्या घालते की! आज गुमान खावा."

पुढं कारखान्याचा पट्टा पडला, हंगामाचं गाळप थांबलं, ऊसतोड संपली, टोळी गावाकडं गेली. भरवायचं काम माझ्याकडं आलं. सिस्टर चाचपडत माझं मनगट धरायच्या आणि घास स्वतःच ओढून घ्यायच्या, भूक लागलेल्या माणसासारख्या.