मंगल शिंदेंची ट्यूब

भुताखेतांच्या गोष्टी कुणी सांगायला लागलं की मी सरळ विचारते, "अहो, बीपी तपासलंय का?" नारायण पेठेतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी रक्त घेते. हात हलका, शीर मला सापडतेच. म्हणून तर त्या सकाळी जे झालं ते अजून झोंबतंय...

शहराच्या कडेच्या गावातून दोघी जावा आल्या होत्या. धाकटीचं दुसऱ्या दिवशी ऑपरेशन; तिला चढवायचं रक्त आमच्या नमुन्यावरूनच जुळवणार होते. थोरलीची फक्त शुगर. मी दारातून हाक मारली आणि एक बाई लगबगीनं आत आल्या.

"मंगल शिंदे ना?"

"व्हय, मीच की."

सुई शिरेत बरोबर गेली. नावाचं लेबल लावलेली, रक्त आपोआप ओढून घेणारी ट्यूब लावली — थेंब नाही. त्याच नावाची दुसरी लावली — कोरडीठाक! मी पेटलेच. डब्यातली बिननावाची लावली, तर सर्रकन भरली. म्हटलं, पहिल्या दोन खराब. आता लेबल हिच्यावर चिकटवलं की झालं. पण ट्यूब बदलली की नाव पुन्हा विचारायचं, हा माझा नियम.

"आधार कार्डावरचं पूर्ण नाव सांगा."

"त्ये सुलोचना हाय. मंगल माझं म्हायेरचं. लग्नात बदललं. मागनं जाऊ आली ती बी मंगलच, तिचं मातूर तसंच ठिवलं!" मग हळूच म्हणाल्या, "लय वर्सांनी कुनी हाक मारली, म्हनून उठले बगा."

धाकटी मंगल तेव्हा बाथरूमला गेली होती. हातातलं लेबल मी तसंच खाली ठेवलं.

ती आल्यावर तिच्या तोंडून नाव वदवून घेतलं, नव्या ट्यूबमध्ये रक्त घेतलं. त्या दोन कोरड्या ट्यूब मात्र मी सोडल्या नाहीत. सुई ग्लासातल्या पाण्यात बुडवून लावल्या, तर दोन्ही झटक्यात भरल्या! म्हणजे ट्यूब चांगल्या, सुई शिरेत... मग रक्त का आलं नाही?

लॅबच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "योगायोग."

म्हटलं, "मॅडम, योगायोगाची टेस्ट आपल्याकडे होत नाही."

दोघींचे ब्लड ग्रुप मी स्वतः तपासले. थोरलीचा बी, धाकटीचा ओ. ओ ग्रुपच्या बाईला बी ग्रुपचं रक्त चढलं असतं तर... पुढचं लिहवत नाही. थोरलीला सांगितलं, तर ती मटकन खाली बसली आणि जावेचा हात धरून हमसून रडायला लागली. "माझ्या पायी गेली असतीस गं तू!"

कारण शोधायचं मी सोडलेलं नाही, आणि ते सापडलेलंही नाही. धाकटी ऑपरेशन होऊन घरी गेली, थोरलीच तिला न्यायला आली होती.